कॉम्प्रेशन गेज आणि लीकडाऊन टेस्टर: कॅम बदलल्यावर कुणाचं ऐकायचं?

नवा आफ्टरमार्केट कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा-मिटवणारा दांडा, मूळ कंपनीचा नव्हे) बसवला. इंजिन सुरू होतं, पण आयडलला डुगडुगतं आणि खालच्या आरपीएमला ओढ नाही. प्लग काढून कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारा मीटर) लावला, तर जिथे आधी १६० पीएसआय यायचे तिथे काटा १३५ च्या पुढे जात नाही. मग संशय रिंगांवर किंवा वाकलेल्या व्हॉल्व्हवर जातो आणि हेडच्या बोल्टला पाना लागतो. बरेचदा त्या हेडमध्ये काहीही बिघडलेलं नसतं.

आकडा कमी येण्याची तीन कारणं असू शकतात: कॅमचा स्वभावच तसा आहे, कॅम बसवताना काहीतरी चुकलंय, किंवा गेजच खोटं बोलतोय. तिसरी शक्यता कुणी धरतच नाही, म्हणून आधी साधनंच तपासू. या कामासाठी तीन प्रकारची साधनं मिळतात: हाताने दाबून धरायचा रबरी टोकाचा गेज, आट्यांचा होजवाला गेज आणि सिलिंडरमधून हवा किती गळते ते दाखवणारा, दोन दाबमीटरांचा लीकडाऊन टेस्टर.

रबरी टोकाचा गेज

शंकूसारखं रबर प्लगच्या भोकात दाबायचं, दुसऱ्याने सेल्फ मारायचा. १५० पीएसआयला १४ मिमीच्या भोकातून सुमारे १६ किलोचा धक्का येतो आणि तो मनगटाने सहा-सात वेळा पेलायचा असतो. जोर जरा कमी पडला की हवा निसटते आणि काटा १० पीएसआय खाली दिसतो. ट्विन-कॅम हेडमध्ये प्लग खोल विहिरीत असतो, तिथे तर हा गेज पोचतच नाही. चारपैकी कुठला सिलिंडर मेलाय हे दोन मिनिटांत बघायला तो ठीक आहे. कॅम बदलल्यानंतर प्रश्नच १०-२० पीएसआयचा असतो, त्यामुळे या कामासाठी घेऊ नये.

आट्यांचा होजवाला गेज

हाच खरा कामाचा गेज, पण घेताना एक गोष्ट बघायचीच: एकदिशी व्हॉल्व्ह होजच्या कुठल्या टोकाला आहे? तो प्लगच्या बाजूला, आट्यांच्या तोंडाशी असायला हवा. काही स्वस्त किटमध्ये तो गेजच्या बुडाशी असतो आणि मग अख्ख्या होजची पोकळी ज्वलनकक्षात मिळते. ४०० मिमी लांब आणि आतून ५ मिमीचा होज धरला तर ती पोकळी ७.८५ सीसी होते. एका सिलिंडरला ५०० सीसी आणि १०:१ कॉम्प्रेशन गुणोत्तर (हवा किती पट दाबली जाते) असलेल्या इंजिनात मोजलं जाणारं गुणोत्तर त्यामुळे ८.९ वर येतं. १२५ सीसीच्या मोटरसायकलला तोच होज लावला तर १०:१ चं थेट ६.७ होतं. इंजिन ठणठणीत, गेज म्हणतो मेलंय! लहान इंजिनांवर काम करणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून बघावा.

दुसरी गोम त्या व्हॉल्व्हच्या पिनची. दिसायला ती टायरच्या ट्यूबमधल्या पिनसारखीच असते, पण कॉम्प्रेशन गेजमधली स्प्रिंग मुद्दाम मऊ ठेवलेली असते. पिन खराब झाली म्हणून टायरची टाकली की स्प्रिंग उघडण्यातच काही पीएसआय खर्ची पडतात आणि प्रत्येक सिलिंडर सारखाच कमी दिसतो. कॅम चुकीच्या दातावर बसल्यावरही सगळे सिलिंडर असेच सारखे कमी दिसतात. म्हणजे सुटी पिन बदलण्याच्या काटकसरीतून टायमिंग कव्हर उघडण्यापर्यंत मजल जाऊ शकते.

ॲडॅप्टर बघताना व्यासाइतकीच आट्यांची लांबीही बघा. बहुतेक गाड्यांना १४ मिमी आणि १.२५ पिच (दोन आट्यांमधलं अंतर, मिमीत) चालतं, अनेक नव्या इंजिनांना १२ मिमी, लहान मोटरसायकलींना १० मिमी आणि १.० पिच. प्लगच्या आट्यांची लांबी १२.७ मिमी असते, १९ मिमी असते, कधी २६.५ मिमीही असते. आखूड ॲडॅप्टर लांब भोकात लावला की खाली पोकळी उरते आणि आकडा पडतो. लांब ॲडॅप्टर आखूड भोकात लावला की टोक आत डोकावतं, आणि जास्त लिफ्टच्या (व्हॉल्व्ह जास्त उचलणाऱ्या) कॅमवर व्हॉल्व्ह त्याला लागू शकतो. ॲडॅप्टर हाताने घट्ट करा. सील ओ-रिंग करते, पान्याची ताकद नव्हे.

वापरण्याआधी गेजची परीक्षा घ्या. कॉम्प्रेसरचा रेग्युलेटर १०० पीएसआयवर ठेवून आट्यांच्या बाजूने हवा द्या, आकडा दुसऱ्या विश्वासाच्या मीटरशी जुळवा आणि हवा बंद करून मिनिटभर काटा बघा. काटा उतरत असेल तर पिन किंवा ओ-रिंग गळतेय.

माप घेताना

इंजिन गरम हवं, सगळे प्लग बाहेर हवेत, इग्निशन आणि इंधन बंद हवं. बॅटरीला चार्जर लावूनच सेल्फ मारा, कारण चौथ्या सिलिंडरपर्यंत बॅटरी थकली की तो सिलिंडर विनाकारण बदनाम होतो. थ्रॉटल पूर्ण उघडा. हे सर्वांना माहीत असतं आणि सर्वात जास्त हेच विसरलं जातं. बंद थ्रॉटलवर सिलिंडरला हवाच मिळत नाही, मग दाब कशाचा वाढणार? प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा ठोके द्या आणि दोन आकडे लिहा: पहिल्या ठोक्याचा आणि शेवटचा. पहिला ठोका कमी आणि पुढे हळूहळू चढत गेला तर रिंगांकडे बोट जातं. पहिलाही कमी आणि पुढेही फारसा चढला नाही तर व्हॉल्व्ह बसत नाहीये. मग साधारण ५ मिली इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा बराच वाढला तर रिंगा. थोडासा तर कुठल्याही इंजिनात वाढतो, कारण ऑइल स्वतःही जागा व्यापतं. आडव्या सिलिंडरच्या इंजिनात ऑइल एका बाजूला साचतं, म्हणून तिथे या चाचणीवर भिस्त ठेवू नये.

सर्वात कमी सिलिंडर सर्वात जास्तीच्या ७५ टक्क्यांखाली नसावा, हा जुना आणि वापरात असलेला नियम. उंचावरच्या गावी मोजत असाल तर समुद्रसपाटीचा आकडा शोधू नका. १५०० मीटरवर हवेचा दाबच सुमारे १७ टक्के कमी असतो.

१३५ हा आकडा वाईट आहे का?

गेज सेल्फच्या वेगाने मोजतो, आणि त्या वेगाला सिलिंडरमध्ये किती हवा अडकते हे मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरतं: इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन वर येऊ लागल्यावर किती उशिरा बंद होतो. जास्त ड्युरेशनचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणारा कॅम हा व्हॉल्व्ह उशिरा बंद करतो. वर येणारा पिस्टन थोडी हवा परत इनटेकमध्ये ढकलतो आणि दाबायला उरते ती बाकीची. वरच्या आरपीएमला हवेच्या वेगामुळे हे नुकसान भरून निघतं. सेल्फच्या दोनेकशे आरपीएमला निघत नाही.

एक उदाहरण आकड्यांत. स्ट्रोक ८८.४ मिमी, कनेक्टिंग रॉड १४४.८ मिमी, गुणोत्तर ९.५:१. इनटेक तळबिंदूनंतर (पिस्टन सर्वात खाली असतो तिथून पुढे) क्रँकच्या ६० अंशांवर बंद होत असेल तर पिस्टनची उरलेली वाट ७१.५ मिमी आणि प्रत्यक्षातलं गुणोत्तर ७.९. मोठा कॅम तोच व्हॉल्व्ह ७५ अंशांवर बंद करतो, तेव्हा उरतात ६२ मिमी आणि गुणोत्तर येतं ७.० वर. उष्णता वाया जाते हे धरून १.२ घातांकाने दाब काढला तर पहिल्याला सुमारे १६० पीएसआय आणि दुसऱ्याला १३६. म्हणजे सुरुवातीचा तो १३५ चा आकडा या कॅमसाठी अगदी बरोबर आहे. गेजने तक्रार केली असली तरी इंजिनात बिघाड नाही. फार तर कॅमची निवड चुकली असेल: कमी गुणोत्तराच्या इंजिनाला लांब ड्युरेशनचा कॅम दिला की खालचा दम जाणारच.

आता गंमत. हाच मोठा कॅम एक दात चुकवून बसवला तर? क्रँकच्या स्प्रॉकेटला १८ दात असतील तर एक दात म्हणजे क्रँकचे २० अंश. एक दात उशिरा बसवला तर इनटेक ९५ अंशांवर बंद होतो आणि गेज साधारण १०० दाखवतो. हे लगेच लक्षात येतं. पण एक दात लवकर बसवला तर बंद होणं ५५ अंशांवर येतं आणि गेज १६७ च्या आसपास जातो, मूळ कॅमपेक्षाही जास्त. गेज शाबासकी देतो आणि तिकडे इनटेक व्हॉल्व्ह २० अंश आधी उघडून पिस्टनच्या वाटेत येऊन उभा राहतो. इनटेकला किमान २ मिमी आणि एक्झॉस्टला २.५ मिमी अंतर सोडायचं असतं, ते इथे संपून जाऊ शकतं. त्यामुळे जास्त ड्युरेशनच्या कॅमनंतर कॉम्प्रेशन वाढलेलं दिसलं तर खूश होण्याआधी टायमिंगच्या खुणा बघा.

कॅमसोबत येणाऱ्या कार्डातही एक सापळा असतो. बरीच कार्डं व्हॉल्व्हच्या वेळा १.२७ मिमी, म्हणजे ०.०५० इंच लिफ्टला देतात. तेव्हा व्हॉल्व्ह अजून उघडाच असतो. सीटवर तो त्यानंतर आणखी २०-३० अंशांनी टेकतो. कार्डावरचा आकडा तसाच हिशेबात घातला तर अपेक्षा उगाच वाढते आणि चांगल्या इंजिनावर खापर फुटतं. हिशेबाला सीटचा किंवा ०.००६ इंचाला दिलेला आकडा घ्या.

मोटरसायकलवाल्यांसाठी एक निराळी सूचना. अनेक एक-सिलिंडर इंजिनांच्या मूळ कॅमवर डीकॉम्प्रेसर असतो, जो सेल्फ मारताना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून ठेवतो. तिथे मूळ आकडाच मुळात कमी असतो. नव्या कॅमवर तो नसेल तर आकडा वाढतो आणि सेल्फवर ताण येतो. जुन्यावरून काढून नव्यावर चढवला असेल आणि अडकून बसत असेल तर आकडा पडतो. अशा इंजिनात आधी आणि नंतरचे गेजचे आकडे एकमेकांशी ताडूच नयेत.

लीकडाऊन टेस्टर

गेज सांगतो किती हवा अडकली. टेस्टर सांगतो अडकलेली हवा टिकते का. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि कॅम बदलल्यानंतर दोन्हींची उत्तरं एकत्रच वाचावी लागतात. गेज कमी आणि गळती ५-१० टक्के असेल तर सिलिंडर घट्ट आहे, कारण व्हॉल्व्हच्या वेळेत किंवा कॅमच्या लोबमध्ये (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या उंचवट्यात) शोधा. गेज कमी आणि गळती ३० टक्क्यांच्या वर असेल तर हवा कुठून तरी पळतेय. या एका फरकासाठी दुसरं साधन घ्यावंच, असं आमचं मत आहे. हेड उतरवण्याची मेहनत यात वाचते.

रचना सोपी आहे: रेग्युलेटर, पहिला मीटर, मधे एक बारीक छिद्र, दुसरा मीटर, मग सिलिंडर. सगळी करामत त्या छिद्राची. साधारण १ मिमीचं छिद्र गाड्यांच्या इंजिनांना योग्य. एखाद्या टेस्टरमध्ये ते मोठं असेल तर तीच गळती कमी टक्के दिसते. म्हणून दोन वेगळ्या टेस्टरचे टक्के एकमेकांशी जुळवू नका. १ मिमी ड्रिलची मागची दांडी छिद्रात घालून बघता येते. स्वस्त टेस्टरमध्ये रेग्युलेटर हाच कच्चा दुवा असतो: दाब ठरवला की मिनिटाभरात सरकतो. आत हवा जाताना पहिला मीटर स्थिर राहत नसेल तर टक्क्यांना अर्थ नाही. दुसऱ्या मीटरवर नुसते लाल-हिरवे पट्टे असलेला टेस्टर टाळा, आकडे हवेत.

आणि कॉम्प्रेशन गेजचा होज टेस्टरला लावणार असाल तर त्यातली पिन काढा. ती सिलिंडरकडे हवा जाऊच देत नाही, मग टेस्टर शून्य गळती दाखवतो. शून्य टक्के गळतीचं इंजिन फक्त कागदावर असतं.

टेस्टर लावताना पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या वरच्या बिंदूवर असायला हवा. ओव्हरलॅपच्या वरच्या बिंदूवर चुकून ठेवला तर दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतात आणि हवा दोन्हीकडून भसाभसा निघते. मोठ्या कॅमला ओव्हरलॅप जास्त, म्हणून ही फसगतही जास्त. एक पूर्ण फेरा फिरवून पुन्हा बघा. हवा देताना क्रँकच्या बोल्टवर पाना ठेवून सोडू नका. १०० मिमी बोअरवर ७ बार म्हणजे पिस्टनवर जवळपास ५५० किलोचा जोर, आणि पिस्टन बिंदूवरून किंचित ढळला की पाना गरकन फिरतो. पान्याच्या वाटेत हात नको.

मग कान लावा. थ्रॉटलमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. शेजारच्या प्लगच्या भोकातून वारा आला तर दोन सिलिंडरच्या मधलं गॅस्केट गेलंय.

व्हॉल्व्हमधून गळती सापडली की लगेच व्हॉल्व्ह वाकला असं ठरवू नका. पुशरॉडचं इंजिन असेल तर हवा चालू ठेवून त्या व्हॉल्व्हचा रॉकर सैल करा. फुसफुस थांबली तर व्हॉल्व्ह शाबूत आहे, त्याला कॅम उघडा धरून ठेवतोय. हायड्रॉलिक लिफ्टर जास्त दाबला गेलाय, किंवा नव्या कॅमचा बेस सर्कल (लोबचा गोल, न उचलणारा भाग) मोठा आहे आणि जुना पुशरॉड आता लांब पडतोय. फटीशून्य स्थितीनंतर अर्धा ते पाऊण फेरा, किंवा ०.५ ते १.५ मिमी प्रीलोड (लिफ्टर आत दाबलेला असण्याचं माप) एवढंच साधारण लागतं. निर्मात्याचा आकडा असेल तर तोच. रॉकर सैल करूनही फुसफुस चालूच राहिली तर हेड उतरवायला हरकत नाही: व्हॉल्व्ह वाकलाय किंवा सीट खराब आहे.

बकेट आणि शिम असलेल्या इंजिनात (कॅम थेट व्हॉल्व्हवरच्या वाटीला दाबतो, फट चकतीने ठरते) ही युक्ती चालत नाही, तिथे फीलर गेज घ्या. नव्या कॅमच्या बेस सर्कलची त्रिज्या जुन्यापेक्षा ०.१५ मिमी जास्त असेल आणि मूळ फट ०.१५ मिमीच असेल, तर फट शून्य झाली. इंजिन थंड असताना कदाचित व्हॉल्व्ह टेकेल, गरम झाल्यावर नाही. अशा इंजिनात थंड आणि गरम मापांतला फरकच सगळं सांगून जातो.

टेस्टरचा एक उपयोग त्याच्या पुस्तिकेत सहसा नसतो. क्रँकवर अंशांची चकती लावा, इनटेक उघडा असताना फक्त अर्ध्या बारपर्यंत हवा द्या आणि पिस्टन तळापासून वर येईल असा क्रँक हाताने हळूहळू फिरवा. थ्रॉटलमधली फुसफुस जिथे थांबते तिथे इनटेक बंद झाला. कार्डावरच्या सीटच्या आकड्यापासून पाच-दहा अंश इकडेतिकडे चालतात, कारण लोबचा शेवटचा रॅम्प (उतार) हलका असतो. वीस अंशांचा फरक म्हणजे एक दात. टायमिंग कव्हर न उघडता एवढी माहिती दुसरं स्वस्त साधन देत नाही. अचूक माप हवं असेल तर मात्र पिस्टन स्टॉपने खरा वरचा बिंदू काढून डायल गेजने इनटेकची मध्यरेषा मोजावी लागते: सर्वोच्च लिफ्टच्या दोन्ही बाजूंना सारख्याच लिफ्टवरचे अंश घ्या, उदाहरणार्थ ६२ आणि १५२, त्यांची सरासरी १०७. कार्डावर १०६ असेल तर काम चोख आहे.

दोन्ही साधनं हात टेकतात तो प्रकार म्हणजे घासलेला लोब. फ्लॅट टॅपेट कॅमला पहिली २० मिनिटं २०००-२५०० आरपीएमवर चालवून बसवायचं असतं. ते नीट झालं नाही किंवा ऑइलमध्ये जस्त-फॉस्फरसचं मिश्रण कमी असलं की लोब गोल होतो. इनटेकचा लोब गेला तर गेज कमी, गळती उत्तम. एक्झॉस्टचा गेला तर गेजसुद्धा जवळपास ठीकच दाखवतो, कारण हवा आत तर जातेय, आणि इंजिन मात्र त्या सिलिंडरला ठसकत राहतं. इथे रॉकर कव्हर काढून प्रत्येक पुशरॉडचा उचल डायल गेजने मोजण्याला पर्याय नाही. एखादा मिलिमीटरभर कमी भरला की शोध संपला.

सगळं बरोबर बसलंय आणि आकडा फक्त कॅममुळे कमी आहे असं निघालं तर? वरच्या उदाहरणातला कॅम ४ अंश लवकर लावला तर १३६ चे साधारण १४३ होतात. गुणोत्तर वाढवायचं असेल तर पातळ गॅस्केट किंवा हेडचं मशीनिंग, पण दोन्हींनंतर पिस्टन-व्हॉल्व्हचं अंतर पुन्हा मोजावं लागतं.

खरेदीबद्दल: पिन आट्यांच्या तोंडाशी असलेला, बदलत्या ॲडॅप्टरचा गेज आधी. कॉम्प्रेसर असेल तर आकड्यांचे दोन मीटर आणि १ मिमी छिद्राचा टेस्टर लगेच त्याच्यामागे. दोन्ही किटमध्ये एक खोड सारखी असते: होज उलटा फिरवताना ॲडॅप्टर हेडमध्येच राहतो आणि खोल विहिरीत तो पकडायला काही सापडत नाही. पहिल्यांदा वापरण्याआधी ॲडॅप्टर होजवर पान्याने आवळून ठेवा.